घरी शिकणारे मूल आणि घराबाहेरची मोठी माणसे

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या आईबापांना लोक पहिला प्रश्न विचारतात तो मित्रांचा. एकट्या मुलाला सवंगडी कुठून मिळणार, चारचौघांत वावरायला ते कधी शिकणार, ही काळजी नातेवाइकांना वाटते, शेजाऱ्यांना वाटते, आणि ती खरीच असते, म्हणून मी तिला नेहमी मनापासून उत्तर देत आले आहे. खेळाचे मैदान, वाचनालय, गाण्याचा किंवा पोहण्याचा वर्ग, मामाचे घर, सोसायटीच्या आवारातली संध्याकाळ यांतून मुलांना मुले सापडतात. थोडे अधिक कष्ट पडतात, पण सापडतात. खरा अवघड प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा : घरी शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात आईबापांनी निवडलेली नाहीत अशी मोठी माणसे किती येतात?

आमची मुलगी तिसरीनंतर शाळेत गेली नाही. आता ती दहावी होऊन कनिष्ठ महाविद्यालयात जाते, आणि मधल्या काळात होमस्कूलिंगविषयी मला जे काही उमगले त्यातले पुष्कळसे या प्रश्नापाशी येऊन थांबते.

आधी जे मिळाले ते सांगितले पाहिजे, कारण ते थोडे नाही. तिची शाळा वाईट नव्हती आणि तिच्या बाई मायाळू होत्या. तरीही सकाळी सातच्या आधी बसची वाट पाहणारे, दुपारी उशिरा घरी येऊन जेवण होताच गृहपाठाला बसणारे आणि रात्री पुस्तक उघडताच पेंगू लागणारे ते मूल पाहिले, की दिवसातला एकही तास तिच्या स्वतःच्या मालकीचा उरलेला नाही हे स्पष्ट दिसत असे. घरी शिकू लागल्यावर तिला सर्वांत आधी मिळाला तो वेळ. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. समोर एकच मूल असले आणि त्याला काय येते, काय येत नाही हे शिकवणाऱ्याला आधीच माहीत असले, की भाषा आणि गणित यांचा दिवसाचा अभ्यास दोन-अडीच तासांत होतो. वर्गात पन्नास मुले असताना शिक्षकाला हे जमत नाही, यात शिक्षकाचा दोष काहीच नाही. अपूर्णांकांपाशी ती अडली तेव्हा आम्ही सगळा पावसाळा तिथेच थांबलो. त्याच काळात वाचनात ती तिच्या इयत्तेच्या कितीतरी पुढे गेली होती. या दोन वेगांमुळे तिला कोणी ढ ठरवले नाही आणि कोणी हुशारही ठरवले नाही. स्वतःच्या गतीने शिकण्याचा हा दिलासा ज्या मुलाला मिळतो त्याच्या मनातली चुकण्याची भीती बरीच कमी होते, हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहे.

दुसरा लाभ मला भाषेचा वाटतो. आमच्यासारख्या शहरी घरांत मराठी ही आजीशी बोलण्यापुरती आणि विज्ञान-गणित मात्र इंग्रजीत, अशी वाटणी फार लवकर होऊन जाते. घरी शिकवताना ती वाटणी पाळण्याचे कारण उरले नाही. आम्ही गुरुत्वाकर्षण, बाष्पीभवन, लसावि आणि मसावि मराठीत शिकलो, मग तेच इंग्रजीत वाचले. पुण्यात तर अशा शिक्षणाला हात देणाऱ्या जागाही आहेत. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी उभे राहिलेले मुक्तांगण विज्ञान शोधिका केंद्र आहे. तिथे अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांची कृती आणि शेकडो पुस्तके, त्यांत मराठी पुस्तकेही, सर्वांसाठी खुली करून ठेवलेली आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या बांधण्याची त्यांची युक्ती आमच्या घरात फार चालली. काड्यांचा चौकोन हाताने दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही, आणि चौकोनात एक कर्ण घातला की तोही ताठ उभा राहतो, हे मुलीने स्वतःच्या बोटांनी शोधले.

पुढे जे घडले ते मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच सुमारास घरात दुरुस्तीला आलेल्या सुतारकाकांना तिने तो काड्यांचा चौकोन दाखवला. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून तिला जुन्या फळ्यांच्या दाराची मागची बाजू दाखवली आणि आडव्या पट्ट्यांच्या मधली तिरपी पट्टी काढली तर दार काही दिवसांत बिजागरीच्या विरुद्ध बाजूला कसे लोंबते ते सांगितले. ती पट्टी कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे हेही सांगितले. तोच सिद्धांत मी तिला आधी समजावून दिला होता आणि तिने तो नीट ऐकलाही होता, पण सुतारकाकांपुढे ती ज्या लक्षाने उभी होती ते लक्ष माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. आई हे माणूस मुलाला पुरते ओळखीचे असते. आईचा आनंद, तिचा कंटाळा, तिला कोणते उत्तर हवे आहे, हे सगळे मुलाला बोलण्याआधी कळलेले असते. परक्या माणसापुढे मुलाला स्वतःहून उभे राहावे लागते, आणि ते परके माणूस जेव्हा त्याच्याकडे गांभीर्याने पाहते, तेव्हा मुलाला स्वतःविषयी जे कळते ते घरात कळू शकत नाही.

शाळा ही गोष्ट काही न करता देऊन जाते. एका मुलाच्या वाट्याला दहावीपर्यंत वीस-पंचवीस शिक्षक येतात. त्यांतले काही कंटाळवाणे असतात, काही अन्याय करतात, आणि एखादा असा असतो की ज्याच्यामुळे मुलाला इतिहासाचे किंवा भूमितीचे वेड लागते. तो कोण असेल हे आईबापांना आधी ठरवता येत नाही. आम्ही मुलीसाठी गाण्याच्या बाई, चित्रकलेचे सर, पक्षी दाखवणारे काका अशी चांगली माणसे शोधली, परंतु ती सगळी आमच्याच गाळणीतून आलेली होती. आमच्याच विचारांची, आमच्याच वाचनाची, बहुतेक आमच्याच जातीवर्गाच्या आसपासची. ज्या घराला आपली मते प्रिय आहेत त्या घराने हे विशेष ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

आणि या प्रश्नाची एक फार गंभीर बाजू आहे. घरात मुलाला मारहाण होत असेल, ते उपाशी असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर रोज त्याच्याकडे पाहणारे घराबाहेरचे माणूस बहुधा शिक्षकच असते. दंडावरचा वळ बाईंना दिसतो. एरवी बोलणारे मूल गप्प झाले हे बाईंना कळते. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा असा प्रकार ठाऊक झालेल्या प्रत्येकावर तो कळवण्याचे बंधन घालतो, पण त्यासाठी तो कोणाला तरी ठाऊक व्हावा लागतो. होमस्कूलिंग करणारी जी घरे मला माहीत आहेत ती सगळी मुलांना जपणारी आहेत. तरीही एखादी पद्धत मुलांसाठी बरी की वाईट हे ठरवताना फक्त जपणारी घरे डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही.

आपल्याकडे घरी शिकणे नवे नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. लहानपणी त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीला दिली. दिवसभर घरकामाचा रगाडा असल्यामुळे ही आई पहाट होण्याआधी लेकीला झोपेतून उठवून पाठ देत असे. पुढे याच रमाबाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाचे याहून तेजस्वी उदाहरण मराठी इतिहासात शोधूनही सापडणार नाही. मला मात्र त्या पहाटेच्या आईचा विसर पडत नाही. आजही होमस्कूलिंग करणाऱ्या बहुतेक घरांत शिकवणारी आईच असते. नोकरी अर्धवेळ करणारी तीच, बढती नाकारणारी तीच, आणि मुलाचे काही अडले तर नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारीही तीच. मी माझे काम अर्ध्यावर आणले. ते आमच्या दोघांच्या संमतीने आणले आणि त्याविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. परंतु दोघांच्या पगारावर हप्ते फेडणाऱ्या घराला हा पर्याय उपलब्धच नसतो, आणि एकट्या आईला तर नसतोच. होमस्कूलिंगला शाळेची फी लागत नाही म्हणून ते स्वस्त आहे असे जे म्हटले जाते, त्यात आईच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली असते.

रमाबाई रानडे यांची कहाणी मला याहून अधिक विचार करायला लावते. त्याही घरीच शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यासाठी त्यांना किती टोचून बोलावे याचे वर्णन त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. घरी शिकून एवढी कर्तबगार झालेली ही बाई १९२० च्या सुमारास, पुण्यात नगरपालिकेतर्फे सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांपुरते आणायचे घाटत असताना, मुलींनाही ते लागू झाले पाहिजे म्हणून स्त्रियांना सोबत घेऊन रस्त्यावर उतरली. घरचे शिक्षण कशावर अवलंबून असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ते घरातल्या एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्यांना रानडे मिळाले. पुण्यातल्या बाकीच्या मुलींना रानडे मिळणार नव्हते, त्यांना शाळा मिळायला हवी होती.

त्याच्या थोडे आधी, १९१७ साली, कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक तेव्हा नामंजूर झाले होते. महाराजांना आपल्या संस्थानात ते करून दाखवता आले. त्या दंडाचा विचार मी घरी मुलीला शिकवत असताना अनेकदा केला आहे. तो दंड आमच्यासारख्यांसाठी नव्हता. गुरे राखायला, धाकट्या भावंडांना सांभाळायला, शेतावर मजुरीला ज्या मुलाला ठेवून घेतले जाई त्याचा हात धरण्यासाठी तो होता. शिकण्याचा हक्क आईबापांचा नसून मुलाचा आहे, आणि वेळ पडली तर तो आईबापांविरुद्धही वापरता आला पाहिजे, हा विचार त्या एका रुपयात आहे. शाळेपासून मोकळे होण्याचे स्वातंत्र्य मागताना मला हे विसरता येत नाही.

आजचा कायदा या विषयावर गप्प आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो शाळेचा हक्क देतो आणि कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य सांगतो. ते न करणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याला मान्यताही दिलेली नाही. त्यामुळे होमस्कूलिंग करणारे कुटुंब कागदावर कुठेच नसते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका आमच्या इमारतीत आल्या होत्या. मी त्यांना सगळे सांगितले, मुलीच्या वह्या दाखवल्या. त्यांनी त्या आस्थेने पाहिल्या आणि शेवटी विचारले की हिला कोणत्या रकान्यात टाकू. त्यांच्या यादीत दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि हंगाम संपेपर्यंत शाळेला मुकणारी मुले होती, वीटभट्टीवरची मुले होती, आणि त्यांच्याच ओळीत आमची मुलगी बसणार होती. त्या बाईंची अडचण खरी होती. जिचे शाळेबाहेर असणे ही आमची निवड आहे आणि ज्याचे शाळेबाहेर असणे ही त्याच्यावर कोसळलेली आपत्ती आहे, अशा दोन मुलांत फरक करायला सरकारकडे आज साधन नाही.

या अदृश्यपणाची किंमत प्रत्येक घराला सारखी मोजावी लागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला हे कागद आपल्याकडे जन्मभर पुरतात. जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, शिष्यवृत्ती, या प्रत्येक ठिकाणी शाळेच्या नोंदीचा पुरावा मागितला जातो. ज्या समाजांना या कागदांची खरी गरज आहे त्यांच्या मुलांसाठी शाळेच्या नोंदवहीत नाव असणे हीच एक मिळकत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेला शाळेमार्फतच बसता येते. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते, पण त्यालाही आधीच्या शाळेचा दाखला जोडावा लागतो. होमस्कूलिंग हा मुख्यतः उच्चवर्णीय, सुशिक्षित, शहरी घरांचा मार्ग राहिला आहे, त्यामागे विचारांइतकेच हे कागदही आहेत.

परीक्षेची वाट त्या मानाने मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून काम करते आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिथे दहावीला नाव घालता येते, पाच विषय निवडता येतात, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये ते एकेक करून सोडवता येतात. माध्यम म्हणून मराठीही घेता येते. आमच्या मुलीने हीच वाट घेतली. पुढे अकरावीच्या प्रवेशात हे प्रमाणपत्र चालले, थोडी धावपळ झाली, एवढेच.

होमस्कूलिंगच्या बाजूने बोलताना मुंबईच्या मालविका जोशीचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. सातवीत असताना तिने शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे इथल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. तिच्या गोष्टीत आईचा निर्धार सर्वांना दिसतो. मला त्याबरोबर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटही दिसते, जिने शाळेचा दाखला नसलेल्या मुलीला थेट एम.एस्सी.च्या पातळीवर शिकायला घेतले, आणि ऑलिम्पियाडच्या तयारीत तिला घडवणारे शिक्षक दिसतात. घराने तिला वेळ दिला. त्या वेळाचे सोने करायला घराबाहेरची, तिच्या विषयात आकंठ बुडालेली माणसे लागली.

म्हणून होमस्कूलिंगचा विचार करणारे कोणी भेटले, की मी त्यांना अभ्यासक्रम कोणता घेणार हे आधी विचारत नाही. मूल आपले गाऱ्हाणे, तुमच्याविषयीचेसुद्धा, कोणाला सांगेल, हे विचारते. आजोबा, आत्या, तबल्याचे गुरुजी, कोणीतरी असा पाहिजे की ज्याच्याकडे मूल एकटे जाऊ शकते आणि जो तुमच्या हो ला हो करत नाही. दुसरे असे की परतीची वाट मुलाला ठाऊक असू द्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात थेट प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही असतो. आमच्या मुलीला आम्ही दर उन्हाळ्यात विचारत असू की येत्या जूनला शाळेत जायचे आहे का. ती नाही म्हणत आली, आणि दहावीनंतर हो म्हणाली. प्रयोगशाळेत चार जणांच्या गटात काम करायचे आहे आणि आपल्याला न आवडणाऱ्या सरांकडूनही शिकून पाहायचे आहे, असे तिने कारण दिले.

माझी मागणी सरकारकडे आहे आणि ती साधी आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव जवळच्या महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नोंदवण्याची सोय करावी. त्या नोंदीवर त्याला मैदान, प्रयोगशाळा, ग्रंथालय वापरता यावे, शिष्यवृत्ती परीक्षेला बसता यावे, दाखला मिळावा. त्या बदल्यात शाळेतल्या एका शिक्षकाने दर तीन महिन्यांनी त्या मुलाला, आईबाप समोर नसताना, तासभर भेटावे. होमस्कूलिंग करणाऱ्या माझ्या अनेक स्नेह्यांना ही कल्पना पटत नाही. शाळेच्या साच्यातून मुलाला बाहेर काढायचे आणि पुन्हा शाळेचाच माणूस तपासणीला बोलवायचा, याचा त्यांना धाक वाटतो. तो भेटणारा शिक्षक मुलाची वही तपासू लागेल, गुण देऊ लागेल, ही त्यांची भीती निराधार नाही, आणि म्हणून त्या भेटीत परीक्षा असू नये असे नियमातच लिहिलेले असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुक्त शाळांच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्या आधीच मान्य केल्या आहेत. त्यांना ही नोंदणी जोडायला नवी इमारत लागत नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल आणि शिक्षकाचे काही तास त्या कामासाठी राखून ठेवावे लागतील.